रंगीत साखरेचीं सफरचंदें : घरच्या घरीं एक प्रयोग

गेल्या मार्गशीर्षांतली गोष्ट. आमचे धाकटे बंधु कांहीं कामानिमित्त रेणापुराहून लातुरास गेले होते. त्यांच्याबरोबर आमचा आठ वर्षांचा नातूहि गेला. परत आला तो हातांत एक काडी घेऊन, व त्या काडीवर तांबडेंभडक, आरशासारखें चकाकणारें, अर्धें खाल्लेलें एक सफरचंद. मुलाचा आनंद पाहून आम्हांसहि बरें वाटलें. परंतु रात्रीं दांत घासल्यावरहि जिभेचा रंग जाईना; दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओठ लालच; आणि सदऱ्यावर जो डाग पडला तो तीन धुण्यांनींहि निघाला नाहीं. आमच्या सूनबाई रसायनशास्त्राच्या पदवीधर आहेत. त्यांनीं सदरा उजेडांत धरून पाहिला व एवढेंच म्हटलें, "हा खाण्याचा रंग दिसत नाहीं. हें पुन्हां घरांत यायचं नाहीं."

नातवानें डोळ्यांत पाणी आणून विचारलें, "आजोबा, मग आपण घरीं करूं या का?"

सूनबाईंची काळजी रास्त होती व मुलाची मागणीहि अवाजवी नव्हती. तेव्हां हा प्रयोग घरींच करावयाचें ठरलें. तो दोन वेळां फसला व तिसऱ्या वेळीं साधला. त्यांत जें शिकलों तें वाचकांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें सादर करीत आहों.

या पदार्थास इंग्रजींत 'कँडी ॲपल' म्हणतात. नांव परकें वाटतें खरें, पण त्यांतला अर्धा भाग आपल्याच घरचा आहे. संस्कृत 'खण्ड' म्हणजे तुकडा, साखरेचा खडा. तोच शब्द फारसींत 'कंद' व अरबींत 'कंदी' असा होत युरोपांत पोंचला व इंग्रजींत 'कँडी' झाला. 'शर्करा' या शब्दाचा मूळ अर्थ वाळू किंवा खडे असा. तीच फारसींत 'शकर', अरबींत 'सुक्कर' आणि इंग्रजींत 'शुगर' झाली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठाराचा विचार चालला असतां फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड व शर्करा असा उसाच्या रसापासून होणाऱ्या पदार्थांचा एक वर्गच सांगितला आहे. काकवीपासून स्वच्छ खड्यापर्यंतच्या या पायऱ्या ज्यांच्या पूर्वजांनीं ओळखल्या, त्यांनीं साखरेच्या एका पातळ कवचास भिण्याचें कारण नाहीं.

आजचें लाल सफरचंद मात्र अमेरिकेंतलें. न्यू जर्सी प्रांतांतील नेवार्क शहरीं विल्यम कोल्ब नांवाचा एक मिठाईवाला होता. १९०८ सालीं नाताळासाठीं तो दालचिनीच्या लाल गोळ्या करीत असतां त्यानें त्या पाकांत सफरचंदें बुडवून दुकानाच्या कांचेमागें मांडलीं आणि गिऱ्हाइकांस तींच अधिक आवडलीं, असें सांगतात. इंग्लंडांत ५ नोव्हेंबरच्या रात्रीं जाळ पेटवून उत्सव करितात, त्या वेळीं 'टॉफी ॲपल' खाण्याची चाल आहे. उत्तर चीनमध्यें हिवाळ्यांत हॉथॉर्न नांवाचीं लहान, आंबट, तांबडीं फळें काडीला ओळीनें टोंचून पाकांत बुडवितात. त्यांस 'तांगहुलू' म्हणतात. आपल्याकडे पाकांत फळ बुडविण्याची रीत नसली तरी साखरेला रूप देण्याची विद्या घरोघर होतीच. होळी-पाडव्याच्या गाठी आणि संक्रांतीचा कांटेरी हलवा हीं तिचींच उदाहरणें.

आमच्या घरीं ही विद्या आत्याबाईंजवळ होती. त्या आमच्या वडिलांच्या धाकट्या भगिनी. वय पंचाऐंशीच्या पुढें. हैद्राबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतांत सामील झालें तेव्हां त्या परकरी पोर होत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांस वैधव्य आलें व त्या माहेरीं रेणापुरास परतल्या. तेव्हांपासून घरांतल्या प्रत्येक सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने व प्रत्येक बाळाच्या बोरन्हाणाचा हलवा त्यांच्याच हातचा. होळीपूर्वी लांकडी सांच्यांत दोरा घालून गाठीहि त्याच ओतीत. आतां दृष्टि अधू झाली आहे, म्हणून चार वर्षांपासून हलवा बाजारांतून येतो. त्याबद्दल त्या कांहीं बोलत नाहींत. डब्यांतला एक दाणा बोटांनीं चांचपून पाहतात व परत ठेवून देतात.

सफरचंदाचा बेत ठरला तेव्हां अर्थातच त्यांस पाचारण झालें. गॅसची शेगडी खालीं ठेविली, आत्याबाई पाटावर बसल्या व मुलें भोंवतीं जमलीं. साखर, पाणी व थोडा लाल रंग कढईंत पडला. आत्याबाईंनीं सवयीप्रमाणें उलथन्यानें ढवळण्यास आरंभ केला. पाक दाटला तसा त्यांनीं तो कढईच्या कांठाशीं घोटला. पाहतां पाहतां सगळा पाक फिकट, अपारदर्शक व रवाळ झाला. त्यांत घातलेलें सफरचंद बाहेर निघालें तें गिलावा केलेल्या भिंतीसारखें.

"ह्याला तर चुना लावला!" नातू म्हणाला. सगळे हंसले, आत्याबाई हंसल्या नाहींत. "हात गेला माझा," एवढें म्हणून त्या उठल्या व भिंतीला धरीत आंत गेल्या. त्या रात्रीं त्या जेवल्याहि नाहींत.

चूक कोठें झाली हें सूनबाईंनीं शोधून काढलें, व तें प्रत्येक गृहिणीनें समजून घेण्यासारखें आहे. विरघळलेली साखर घट्ट होतांना दोन रूपें घेऊं शकते. तिचे कण शिस्तीनें एकमेकांस चिकटले कीं स्फटिक होतो. खडीसाखर, गाठी, बत्तासा, हलवा हे सर्व स्फटिकांचे प्रकार. परंतु पाक पुरेसा आटवून, न हलवितां, लवकर निववला तर कणांस रांग धरण्यास अवसरच मिळत नाहीं व कांचेसारखा पारदर्शक पदार्थ बनतो. सफरचंदावर हवी ती ही कांच. पाक ढवळला, घोटला, किंवा कढईच्या कडेला सुकलेला एखादा रवा आंत पडला, कीं त्याच्याभोंवतीं स्फटिकांची रांग लागते. म्हणजे गाठी करतांना जो गुण, तोच येथें दोष.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाई आत्याबाईंजवळ जाऊन बसल्या. "आत्याआजी, तुमचा हात बरोबरच होता. पदार्थ दुसरा होता," असें म्हणून त्यांनीं वरील सर्व सोप्या भाषेंत सांगितलें. आत्याबाईंनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें आणि मग विचारलें, "अगं, मग गुळाची चिक्की मी जन्मभर ढवळत आलें. ती कां नाहीं रवाळ होत?"

सूनबाई आमच्याकडे पाहूं लागल्या. त्या आम्हांस पुढें म्हणाल्या कीं, हा प्रश्न आमच्या वर्गांत कोणीहि विचारला नव्हता. उत्तर असें : गुळांत नेहमींच्या साखरेबरोबर ग्लुकोज व फ्रुक्टोज या दुसऱ्या दोन साखरा मुळांतच असतात. त्या मध्यें मध्यें येऊन स्फटिकांची रांग मोडतात. साखरेच्या पाकांत लिंबू पिळलें कीं तेंच घडतें. आंबटामुळें थोड्या साखरेची फोड होऊन त्याच दोन साखरा बनतात. "म्हणजे लिंबू पिळायचं आणि उलथन्याला हात लावायचा नाहीं," आत्याबाई म्हणाल्या. "एवढंच ना?"

दुसरा प्रयोग त्याच आठवड्यांत झाला. पाक सुरेख, कांचेसारखा उतरला. पण थंड झाल्यावर सफरचंदावरचें कवच अख्खें टोपीसारखें निघून हातांत आलें. याचें कारण पाकांत नव्हतें, फळांत होतें. काश्मीर व हिमाचलाहून आपल्याकडे येणाऱ्या सफरचंदांच्या सालीवर नैसर्गिक मेण असतें. शिवाय फळ सुकूं नये व चकाकावें म्हणून पुष्कळदां वरूनहि मेणाचा पातळ थर देतात. मेणावर पाक धरत नाहीं. तिसऱ्या वेळीं फळें कढत पाण्यांत दहा-बारा सेकंद बुडवून खरखरीत फडक्यानें पुसलीं आणि काम साधलें.

आतां कृति सांगतों. सहा लहान, टणक सफरचंदें घ्यावीं. थोडीं आंबट असल्यास उत्तम, म्हणजे साखरेचा गोडपणा अंगावर येत नाहीं. वर सांगितल्याप्रमाणें मेण काढून तीं पूर्ण कोरडीं करावीं. फळ शीतकपाटांतलें नसावें. थंड सालीवर दंव धरतें व पाक सुटतो. देंठाच्या बाजूनें बांबूची जाड, स्वच्छ काडी मध्यापर्यंत खोंचावी. एका ताटाला तूप लावून ठेवावें. जाड बुडाच्या पातेल्यांत ४०० ग्रॅम साखर, सुमारें १५० मिलिलिटर पाणी व एक लहान चमचा लिंबाचा रस घालावा. साखर विरघळेपर्यंतच ढवळावें. उकळी फुटली कीं पळी बाजूस ठेवावी. कडेला पाकाचे शिंतोडे सुकूं लागले तर पाण्यांत भिजविलेल्या स्वच्छ कुंचल्यानें ते खालीं उतरवावे. मध्यम आंचेवर पंधरा ते वीस मिनिटें लागतात.

पाक केव्हां उतरावयाचा हा खरा प्रश्न. एकतारी, दोनतारी व गोळीबंद या पायऱ्या ओलांडून तो चिक्कीच्या पाकापर्यंत गेला पाहिजे. थंड पाण्यांत थेंब टाकला असतां तो लगेच कडक व्हावा, वाकवितां न वांकतां खट्कन मोडावा व दातास चिकटूं नये. पुस्तकांत या अवस्थेचें उष्णतामान १५० अंश सेल्सियस देतात. त्या वेळीं पाकांत पाणी जेमतेम शेंकडा एक उरलेलें असतें. परंतु आपला हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर आहे. येथें पाणी १०० ऐवजीं ९८ अंशांच्या आसपास उकळतें. त्या मानानें आम्हीं पाक १४८ अंशांवर उतरविला. १६० च्या पुढें गेल्यास तो करपूं लागतो व कडू होतो.

यासाठीं सूनबाईंनीं एक उष्णतामापक आणविला होता. तिसऱ्या प्रयोगाच्या वेळीं त्या कांट्याकडे पाहत होत्या. आत्याबाई दोन हात दूर, पाटावर, डोळे मिटून. कांटा १४८ वर आला आणि सूनबाई तोंड उघडणार तोंच आत्याबाई म्हणाल्या, "उतरव आतां. आवाज बारीक झाला." पाण्याचा अंश कमी झाला कीं बुडबुडे लहान व जड होतात आणि खळखळ दबते, तें त्यांस कानांनीं कळत होतें. सूनबाईंनीं कांटा त्यांस वाचून दाखविला. "असेल बाई," एवढेंच आत्याबाई म्हणाल्या. पण त्या रात्रीं दोन घांस अधिक जेवल्या, हें आम्हीं पाहिलें.

पाक उतरल्यावर बुडबुडे शमेपर्यंत क्षणभर थांबावें. पातेलें किंचित् कलतें करून काडीनें फळ त्यांत फिरवावें, वर धरून जास्तीचा पाक निथळूं द्यावा व तुपाच्या ताटांत उभें ठेवावें. काम चपळाईनें करावें. मध्यें पाक आळला तर मंद आंचेवर पुन्हां सैल करावा. दहा-पंधरा मिनिटांत कवच कडक होतें. उरलेला पाक तुपाच्या ताटलींत लहान लहान थेंबांनीं ओतून काडी टेंकवावी. मुलांस तीहि मिठाईच.

आतां रंगाविषयीं, कारण सर्व कथा त्यावरूनच सुरू झाली. आम्हांस वाटलें होतें कीं स्वयंपाकघरांत रंगांस काय तोटा! अनुभव निराळा आला. बिटाचा रस कढत पाकांत घालतांच मळकट तपकिरी झाला. त्याचा रंग एवढी उष्णता सोसत नाहीं. कोकमाचीहि तीच गत. हळद टिकली, चिमूटभर हळदीनें सोनेरी कवच आलें. गरम पाण्यांत खललेल्या केशरानें तर फारच देखणा रंग दिला. लाल मात्र घरच्या कशानेंहि साधेना. ज्यांस तो हवाच असेल त्यांनीं खाद्यरंग म्हणून विकला जाणारा, ज्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक व रंगाचें नांव स्पष्ट छापलें आहे असाच रंग घ्यावा, व तोहि थेंबाच्या हिशेबानें. सुटा, पुडींतला रंग कदापि घेऊं नये. कापड रंगविण्याचा रोडामाइन-बी हा गुलाबी रंग खाद्यपदार्थांत वापरण्यास मनाई असतांहि सांपडतो. २०२४ च्या फेब्रुवारींत पुदुच्चेरी व तामिळनाडू या सरकारांनीं, मुलें ज्यास म्हातारीचे केस म्हणतात त्या साखरेच्या कापसाची विक्री याच कारणानें बंद केली. मार्चमध्यें कर्नाटकानेंहि त्यांत कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. आमच्या नातवाच्या सदऱ्यावरचा डाग कशाचा होता हें आम्ही सांगूं शकत नाहीं, कारण तो कोणीं तपासला नाहीं; पण जो रंग सुती कापडावरून निघत नाहीं तो पोटांत घालण्याची घाई कशास?

शेवटीं तोडगा सांपडला तो नातवासच. रंग न घालतां केलेल्या पाकांत त्यानें एक लाल सफरचंद बुडविलें. कवच पारदर्शक, किंचित् पिंवळसर. आंतून फळाचा स्वतःचा तांबडा रंग भिंगाखालीं ठेवल्यासारखा उजळून दिसूं लागला. "आजोबा, हें आधींच लाल होतं कीं!" तो ओरडला. तेव्हांपासून आमच्या घरीं लाल फळावर बिनरंगी, हिरव्या फळावर हळदीचें व पिंवळ्यावर केशरी कवच असा नेम झाला आहे. सफरचंद महाग असेल तेव्हां टपोरीं बोरें अथवा द्राक्षें काडीला टोंचून हाच प्रयोग करावा; बोरांचा आंबटपणा पाकास फारच खुलवितो. मात्र बोराची बी व द्राक्षाचा घोट या दोहोंचीहि आठवण ठेवून तीं लहान मुलांस देऊं नयेत.

कांहीं सूचना कळकळीनें करावयाच्या आहेत. हा पाक उकळत्या पाण्याहून पन्नास अंशांनीं अधिक तापलेला असतो व त्वचेस चिकटून बसतो. मुलांस शेगडीपासून दूर ठेवावें. त्यांनीं फळें पुसावीं, काड्या खोंचाव्या, पण बुडविणें मोठ्यांनीं किंवा मोठ्यांचा हात धरून. भाजल्यास तूप, हळद वा दंतमंजन न लावतां तो भाग वीस मिनिटें वाहत्या साध्या पाण्याखालीं धरावा. चार वर्षांखालील मुलांस हें कडक कवच देऊं नये. घशांत अडकण्याचें भय असतें. फळें केलीं त्याच दिवशीं संपवावीं. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेंत कॅरॅमलचा थर दिलेल्या सफरचंदांमुळें ३५ जण लिस्टेरिया नांवाच्या जंतूच्या विकारानें आजारी पडले व त्यांतले कांहीं दगावले. पुढील संशोधनांत असें दिसलें कीं, काडी खोंचल्यामुळें फळाचा रस थराखालीं येतो व उबदार जागीं राहिल्यास तेथें जंतु वाढतात. शिवाय पावसाळ्यांत हवेंतील ओल शोषून कवच चिकट होतें. म्हणून आपल्याकडे याचा काळ म्हणजे कोरड्या थंडीचा, हलव्याचाच काळ.

गोडाच्या प्रमाणाबद्दलहि स्पष्ट बोललें पाहिजे. एका फळावर तीस-चाळीस ग्रॅम साखर सहज बसते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं प्रौढ माणसानेंहि दिवसांत वरून घेतलेली साखर ५० ग्रॅमच्या आंत, व शक्य तर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवावी असें सुचविलें आहे. तेव्हां दोन मुलांत एक फळ, आणि तेंहि सणासुदीस. आम्ही स्वतः मधुमेही असल्यामुळें आम्हांस केवळ पाहण्याचा अधिकार होता. आणखी एक. आमच्या तालुक्यांत साखर कारखाना आहे, भोंवतीं ऊस आहे. पण याच जिल्ह्यास २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून रेल्वेनें पिण्याचें पाणी आणावें लागलें होतें. तीं रिकामीं घागरींचीं रांगोळ्यांसारखीं रांगा आम्हीं पाहिल्या आहेत. उसास पाणी किती लागतें हें ज्यास ठाऊक आहे त्यानें पाकाचा थेंबहि मोरींत घालूं नये. पातेल्यास चिकटलेला पाक गरम पाणी घालून सोडवावा; लिंबू पिळून त्याचेंच सरबत होतें.

संक्रांतीच्या आठ दिवस आधीं सूनबाईंनीं परात काढली. मंद आंचेवर तीळ व खसखस, वरून चमचा चमचा एकतारी पाक आणि बोटांनीं अखंड फिरविणें. हात सूनबाईंचे, शब्द आत्याबाईंचे. पहिल्या दिवशीं कांटा आला नाहीं, दुसऱ्या दिवशींहि नाहीं. "घाई करतेस. पाक सुकूं दे, मग दुसरा चमचा," आत्याबाई सांगत होत्या, व सूनबाई मध्येंच हात पुसून तें वहींत टिपून घेत होत्या. तिसऱ्या दिवशीं दुपारीं आत्याबाईंनीं परातींतला एक दाणा उचलला, नेहमींप्रमाणें बोटांनीं चांचपला, आणि या वेळीं परत न ठेवतां तोंडांत टाकला.

वहीचीं सात पानें भरलीं आहेत. गाठींचें पान अद्याप कोरें आहे; तें होळीपूर्वी लिहावयाचें ठरलें आहे. ज्या घरीं असें कोणी वडील माणूस असेल त्यांनीं सफरचंदाच्या निमित्तानें कां होईना, यंदाच्या थंडींत त्यांस शेगडीजवळ पाट मांडून द्यावा व हाताशीं एक वही ठेवावी.